निसरड्या बर्फात कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर: आधी पकड, मग बर्फ

वीस-पंचवीस हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरकडेही बर्फ ढकलण्याइतकी ताकद मुबलक असते. कमी पडते ती पकड. इंजिन दमण्याच्या कितीतरी आधी चाके जागच्या जागी फिरू लागतात. असे फिरणारे चाक खालचा बर्फ घासून, किंचित वितळवून काचेसारखा गुळगुळीत करते. एकदा निसटलेले चाक पुढच्या वेळी निसटण्याची सोय स्वतःच करून ठेवते ती अशी. पुढे सांगितलेले वजन, साखळ्या, वेग आणि बर्फ काढण्याची वेळ हे सगळे या एकाच दुष्टचक्राला आवर घालण्यासाठी आहे. गृहीत धरलेला ट्रॅक्टर २० ते ५० हॉर्सपॉवरचा, फोर व्हील ड्राइव्ह आणि पुढे लोडर (बकेट किंवा ब्लेड बसवायचे, वर-खाली होणारे दोन हात) असलेला आहे.

चाकाखाली काय आहे?

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणून मोकळे होतो. ट्रॅक्टरच्या सीटवरून मात्र त्याचे निदान चार प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो आणि तो काढणे सोपे. ओला, चिकट बर्फ ३०० किलो किंवा त्याहून जास्त भरतो. तिसरा प्रकार गाड्यांच्या चाकांखाली दाबला गेलेला, आणि चौथा पाणी गोठून झालेला कठीण, पारदर्शक थर. याला इथे काचबर्फ म्हणू.

पकडीचा हिशेब ढोबळमानाने असा: कोरड्या डांबरावर घर्षणांक (चाकांवरच्या भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा) ०.७ च्या आसपास, दाबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि काचबर्फावर ०.१. ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर सपाट कोरड्या डांबरावर अर्ध्या मीटरच्या आत थांबू शकतो. काचबर्फावर त्यालाच अडीच मीटर लागतात, आणि वेग १६ केला तर दहा मीटर. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही.

एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: कडाक्याच्या थंडीतला बर्फ तुलनेने कमी निसरडा असतो. सर्वांत वाईट अवस्था शून्य अंशाच्या आसपासची, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. दुपारच्या उन्हात थोडे वितळलेले आवार म्हणूनच सकाळपेक्षा धोक्याचे असू शकते.

वजन: किती आणि कुठे

पुढे ब्लेड, म्हणजे बर्फ ढकलायचे पाते, लावले की ट्रॅक्टर धुरजड होतो. समजा पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १.६ मीटर आहे, आणि १८० किलोचे ब्लेड पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढे लटकले आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावर जवळपास ३५० किलो भार वाढतो आणि मागच्या आसावरून १७० किलो उचलला जातो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ज्या चाकांनी थांबायचे तीच हलकी झाली. ब्लेड जमिनीवर टेकले की यातला बराच भार उतरतो, पण घसरण्याचे प्रसंग ब्लेड उचलून मागे-पुढे करतानाच जास्त येतात.

यावर उपाय म्हणजे मागे थ्री-पॉइंटवर (अवजारे जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीवर) लटकवलेले वजन. आसाच्या एक मीटर मागे ३५० किलोची पेटी लावली तर मागच्या आसावर सुमारे ५७० किलो भार येतो, कारण पेटीच्या स्वतःच्या वजनाखेरीज पुढून २२० किलो मागे ओढले जातात. त्यामुळे फक्त ‘जास्त वजन म्हणजे जास्त पकड’ एवढे धरून चालू नका. मागे अति झाले तर पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. किती भार चालेल हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती मर्यादा थ्री-पॉइंटच्या उचलण्याच्या क्षमतेपेक्षा वेगळी असते. दोन्ही पाहा.

पेटी घरी करायची असेल तर काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते, म्हणजे ०.१५ घनमीटरला ३६० किलो. वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो. पेटी मोठी होते, पण अडकलात तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. पेटी शक्य तितकी ट्रॅक्टरला चिकटून आणि जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंचीवर ठेवा. फार लांब मागे आलेली पेटी वळताना भिंतीला किंवा उभ्या गाडीला लागते.

दुसरा मार्ग मागच्या टायरमध्ये द्रव भरण्याचा. टायरच्या मापानुसार प्रत्येकी ७० ते १७० लिटर बसते. व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून त्याच्या पातळीपर्यंत भरले की टायर साधारण तीन-चतुर्थांश भरतो. उरलेली जागा हवेला हवीच. साधे पाणी भरू नका, ते गोठते. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड असते आणि कडक थंडीतही पातळ राहते, पण ते रिम खाते, म्हणून ट्यूब असलेल्या टायरमध्येच भरावे. बीटच्या रसापासून केलेला द्रव जवळपास तितकाच जड आणि गंज न आणणारा असतो, पण महाग. टायरमधले वजन खाली असल्यामुळे ट्रॅक्टर उलटण्याचा धोका वाढवत नाही, आणि पुढच्या आसावरचा भारही कमी करत नाही. पेटीपेक्षा त्याचा हा मोठा फायदा.

टायर आणि साखळ्या

शेतीचे खोल नक्षीचे टायर मऊ, खोल बर्फात चांगले चालतात. काचबर्फावर त्यांचे मोजकेच उंचवटे टेकतात आणि कठीण रबर घसरते. लोडरच्या कामासाठी येणारे रुंद, जाड ठोकळ्यांचे औद्योगिक टायर बर्फावर सर्वांत निराश करतात, आणि दुर्दैवाने लोडरवाल्या कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरवर तेच सर्रास दिसतात. हिरवळीसाठीचे बारीक नक्षीचे टायर दिसायला लेचेपेचे, पण त्यांना कडा पुष्कळ असल्याने पातळ बर्फावर अनपेक्षितपणे चांगली पकड देतात. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की टायरचा दाब एक पीएसआयने कमी होतो, म्हणून दाब थंडीतच, गाडी उभी असताना तपासा.

काचबर्फ आणि उतार दोन्ही असतील तर साखळ्यांना पर्याय नाही. शिडीसारख्या साध्या साखळीतल्या आडव्या पट्ट्या दूर-दूर असतील तर चाक फिरताना मधेच एक क्षण फक्त रबर जमिनीवर असते आणि ट्रॅक्टर धक्के खात चालतो. दर दोन कड्यांवर आडवी साखळी असलेला प्रकार घ्या. दर चार कड्यांचा स्वस्त पडतो, पण त्यात हेच दुखणे असते. शिडीची साखळी पुढे-मागे पकडते, बाजूला घसरणे मात्र फारसे रोखत नाही. आवाराला आडवा उतार असेल तर चौकटीच्या जाळीसारखी साखळी घ्या.

एकच जोडी घेणार असाल तर ती मागच्या चाकांना. फक्त पुढे साखळ्या लावून उतरू लागलात तर पुढचा भाग धरतो, मागचा घसरतो आणि ट्रॅक्टर गिरकी घेतो. पुढच्या चाकांना साखळ्या लावण्याआधी पुस्तिका पाहा, काही ट्रॅक्टरवर त्या चालत नाहीत. चालत असतील तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून साखळी लोडरच्या खांबाला किंवा हायड्रॉलिकच्या नळीला लागत नाही ना, हे तपासा. मागे मडगार्ड आणि साखळी यांच्यात निदान चार-पाच सेंटीमीटर मोकळी जागा हवी, कारण ढिली पडलेली साखळी बाहेरच्या बाजूला फेकली जाते.

साखळी चढवायची ती बर्फ पडण्याआधी, सपाट आणि कोरड्या जागी:

१. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांच्या हुकांची उघडी टोके टायरकडे नव्हे, बाहेर यायला हवीत.

२. ती टायरवरून टाका, दोन्ही बाजूंना सारखी लटकू द्या आणि ट्रॅक्टर अर्धे चाक पुढे घ्या.

३. आधी आतल्या बाजूचा हुक, मग बाहेरचा. दोन्ही बाजूंना उरलेली कडी सारखी असावीत, नाहीतर साखळी तिरकी बसून एका बाजूला सरकते.

४. शे-दोनशे मीटर हळू चालवून थांबा आणि पुन्हा घट्ट करा. पहिल्या फेरीत साखळी हमखास ढिली पडते. या दुसऱ्या आवळणीचा कंटाळा केला की मडगार्ड चेपतात.

५. सुटे टोक तारेने बांधा आणि रबरी ताण-पट्टी लावा.

पेव्हर ब्लॉक आणि मऊ डांबर यांवर साखळ्यांचे ओरखडे उठतात, हे आधीच मान्य करून टाका.

ब्लेड, बकेट की ब्लोअर

लोडरच्या बकेटने काम होते, पण बर्फ बाजूला टाकता येत नाही. दरवेळी भरून नेऊन ओतावा लागतो. तिरके करता येणारे ब्लेड लांब वाटेसाठी बरे. मात्र लोडरच्या लांब हातांवर बसवलेल्या ब्लेडचे एक टोक दगडाला अडकले की सगळा पीळ त्या हातांवर येतो, आणि ते वाकतात. त्यामुळे ठोकर लागल्यावर स्प्रिंगने मागे झुकणारी कडा असलेलेच ब्लेड घ्या. मागे लावायचे ब्लेड सर्वांत साधे, सर्वांत मजबूत आणि आपसूक मागचे वजन वाढवणारे; किंमत मोजावी लागते ती मानेला. ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून लांब फेकणारे यंत्र, खोल बर्फात आणि ढीग करायला जागा नसेल तिथे. त्याचे शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मुद्दाम आधी तुटणारे) तुटले तर पुस्तिकेत दिलेल्याच प्रतीचे घाला. मजबूत बोल्ट घातला तर बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो.

खडीच्या वाटेवर कडा खडीत घुसते. स्किड शू (ब्लेडला जमिनीपासून वर धरणारे पाय) दोन-अडीच सेंटीमीटर खाली करा, किंवा बकेटच्या कडेवर लांबीला चीर दिलेला लोखंडी पाइप चढवा. गोल पाइप खडीवरून सरकतो. मागचे ब्लेड असेल तर ते उलटे फिरवून चालवा. वाटेवर एकदा दाबलेल्या बर्फाचा थर घट्ट बसला की खडी आपोआप सुरक्षित होते.

हिवाळ्याआधीची एक दुपार

वाटेच्या दोन्ही कडांना तीन ते पाच मीटरवर दीड मीटर उंचीच्या काठ्या रोवा. जमीन गोठल्यावर त्या रोवता येत नाहीत. झाकणे, नळ, कडेचे दगड, उंच-सखल जोड यांच्या जागी वेगळ्या रंगाची काठी लावा. ढीग कुठे होणार हे आत्ताच ठरवा: वाटेच्या उताराकडच्या बाजूला, म्हणजे वितळलेले पाणी वाटेवर येऊन पुन्हा गोठणार नाही. ढीग वरच्या बाजूला केला तर तुम्ही स्वतःच रोज रात्री एक नवा काचबर्फ तयार करता.

इंजिनात हिवाळी डिझेल असावे. साध्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करते, आणि मेण धरल्यानंतर टाकलेल्या रसायनाचा फारसा उपयोग होत नाही. काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, आत दव कमी धरते.

काम सुरू करताना

ब्लॉक हीटर (इंजिन आधीच गरम करणारा विजेचा हीटर) असेल तर दोन-तीन तास आधी लावा. इंजिन सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे मध्यम वेगावर चालू द्या. घट्ट झालेले हायड्रॉलिक तेल पातळ होईपर्यंत लोडर आणि हायड्रोस्टॅटिक पेडल (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्टरचे) दोन्ही सुस्त असतात. हे शेडचे दार उघडे ठेवूनच, कारण बंद जागेतला धूर जीव घेतो. बुटांचा बर्फ झाडून मगच चढा, ओला तळवा पेडलवरून निसटतो. रोलओव्हर फ्रेम (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट) उभी, सीटबेल्ट बांधलेला, आणि दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना खिटीने जोडलेली. सुटे राहिले आणि एकाच चाकाला ब्रेक लागला, तर काचबर्फावर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

आता वेळेबद्दल. दहा-पंधरा सेंटीमीटर साचले की काढा. सगळा थांबेपर्यंत वाट पाहू नका. दीड मीटर रुंदीच्या ब्लेडपुढे १५ सेंटीमीटर ताजा बर्फ असेल तर वीस मीटरमध्ये सुमारे ४५० किलो गोळा होतो. तोच ओला असेल तर साडेतेराशे, म्हणजे पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाइतका. शिवाय गाड्या जायच्या आधी काढा. चाकांच्या खुणा एकदा दाबल्या गेल्या की ब्लेड त्यांवरून नुसते घसरते आणि तिथेच पुढचा काचबर्फ जन्म घेतो.

फोर व्हील ड्राइव्ह चालू, रेंज लो (गिअरचा संथ टप्पा), वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर. ब्लेड ३० अंशांच्या आसपास तिरके आणि लोडर फ्लोटवर, म्हणजे ब्लेड स्वतःच्या वजनाने जमिनीचा चढ-उतार पाळते. हायड्रॉलिकने खाली दाबले तर पुढची चाके उचलली जातात आणि स्टिअरिंग जाते. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. पहिली फेरी मधोमध, मग दोन्ही कडांकडे. पुढच्या फेऱ्यांत ब्लेडची अर्धी ते दोन-तृतीयांश रुंदीच भरा, कारण तिरक्या ब्लेडवरचा पूर्ण भार ट्रॅक्टरचे नाक बाजूला ढकलतो. पहिल्याच बर्फाला कडेचा वरंबा वाटेपासून मीटरभर तरी लांब ढकलून ठेवा. तो तिथेच गोठतो, आणि मागे जागा सोडली नसेल तर प्रत्येक बर्फाला वाट अरुंद होत जाते. गोठलेल्या ढिगावर धाव घेऊन आपटू नका, लोडर त्यासाठी नसतो. ढिगाजवळ वेग कमी करत ब्लेड हळूहळू उचला, म्हणजे बर्फ ढिगावर चढतो.

भिंतीजवळचा किंवा दारापुढचा बर्फ ढकलता येत नाही. तो ब्लेड टेकवून मागे ओढा आणि मग मोकळ्या जागेतून ढकला. मागे जाताना दरवेळी वळून पाहा. मुले बर्फात खेळायला येतात, आणि वरंब्यामागे बसलेले मूल सीटवरून दिसत नाही.

चाक निसटेल असे वाटले तर डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाके एकत्र फिरवणारी कळ) चाक निसटण्याआधीच लावा. वेगाने फिरणाऱ्या चाकावर लावला तर आतले दाते तुटू शकतात. तो सरळ रेषेतच वापरा आणि वळण्याआधी काढा. आडव्या उतारावर त्याचा आधार घेऊ नका: दोन्ही मागची चाके एकदम फिरली की बाजूची पकडही जाते आणि ट्रॅक्टर खाली सरकतो. आणि वाट कोरडी झाली की फोर व्हील ड्राइव्ह काढा, नाहीतर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीतला फरक गिअरना पिळत राहतो.

उतार

दीड टनाचा ट्रॅक्टर १० टक्के उतारावर, म्हणजे दहा मीटरला एक मीटर, उभा असेल तर त्याला खाली ओढणारा जोर सुमारे १५० किलोचा असतो. घर्षणांक ०.१ असलेल्या काचबर्फावर चारही चाकांची मिळून पकडही १५० किलोचीच. थांबण्यासाठी काहीच उरत नाही. आणि फक्त मागची चाके धरणारी असतील, त्यांवर ९०० किलो भार असेल, तर पकड ९० किलो. ट्रॅक्टर घसरणारच, चालक कितीही कुशल असो. साखळ्यांशिवाय अशा उतारावर जाऊ नका. आधी वाळू टाका, तीही खालून वर पायी जाऊन.

फोर व्हील ड्राइव्ह उतरताना चढण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. तो लावला की मागच्या ब्रेकचा आणि इंजिनाचा अडथळा शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, आणि चारही चाके रोखतात. रेंज माथ्यावरच लो करा. मध्ये बदलायला गेलात तर न्यूट्रलच्या त्या क्षणात ट्रॅक्टर मोकळा सुटतो. शक्य तिथे वरून खाली ढकला, म्हणजे बर्फाचे वजन तुमच्या विरुद्ध जात नाही. ब्लेड खाली, जमिनीलगत. थेट वर-खाली चाला, आडवे जाऊ नका आणि उतारावर वळू नका.

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरची एक खोच लक्षात ठेवा. पेडलवरचा पाय झटकन उचलला की चाके ब्रेक मारल्यासारखी थांबतात, आणि निसरड्यावर थांबलेले चाक म्हणजे घसरगुंडी. पाय हळू सैल करा.

घसरायला लागलेच तर ब्रेकवर उभे राहू नका. अडकलेली चाके दिशाही पाळत नाहीत. ब्लेड किंवा बकेट हलकेच जमिनीवर टेकवा, तो नांगर टाकल्यासारखा धरतो. पेडल ज्या दिशेला घसरता आहात त्याच दिशेला किंचित दाबा, म्हणजे चाके पुन्हा फिरतील आणि स्टिअरिंग परत मिळेल; मग हळूहळू वेग कमी करा. बकेट एकदम आपटू नका, ट्रॅक्टर मागून उचलला जाईल. उडी मारू नका. फ्रेम आणि बेल्ट असलेल्या सीटवरच तुम्ही सर्वांत सुरक्षित असता.

अडकलात तर

चाके फिरवत बसू नका, प्रत्येक गिरकी खड्डा खोल आणि गुळगुळीत करते. आधी ब्लेडपुढचा बर्फ सोडा. बकेट असेल तर ती खाली वळवून जमिनीवर रेटा आणि मागे सरका. लोडर स्वतःच ट्रॅक्टरला ढकलतो. नाही जमले तर चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढून वाळू टाका. दुसऱ्या वाहनाने ओढायचेच असेल तर दोर फक्त ड्रॉबारला (मागच्या ओढायच्या दांड्याला), आसाच्या पातळीखाली. वरच्या बिंदूला बांधला तर ओढणारा ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

उरलेला थर

साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंतच नीट काम करते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागते. वाळू कोणत्याही तापमानाला पकड देते, वितळवत मात्र नाही. वाळूत पाच-दहा टक्के मीठ मिसळून ठेवा, ढीग गोठत नाही. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नका, पृष्ठभाग सुटतो. जाड काचबर्फ ब्लेडने निघत नाही. बॉक्स ब्लेडच्या (मागे लावायच्या, दाते असलेल्या पेटीसारख्या ब्लेडच्या) दातांनी तो खरवडून खडबडीत करा, मग मीठ टाका; ओरखड्यांतून ते खोल जाते.

काम संपल्यावर

ट्रॅक्टरवरचे मीठ धुवा, पिना आणि बिजागऱ्यांना ग्रीस द्या, साखळीचे हुक हाताने ओढून पाहा. पेडलांखाली चिकटलेला बर्फ काढा. रात्री तो गोठला की सकाळी ब्रेक पूर्ण दाबला जात नाही. ब्लेड लाकडी फळ्यांवर टेकवून ठेवा. ओल्या जमिनीवर टेकवलेले ब्लेड सकाळपर्यंत तिला चिकटते, आणि उचलताना डांबराचा तुकडाही सोबत येतो.